समुद्राकडून येणारा दहशतवाद : २६/११ नंतर आपल्या किनाऱ्यावर नक्की काय बदललं?

माहेर_श्रीवर्धन :

नमस्कार. पहलगाम झाल्यापासून आमच्या डोंबिवलीत हा विषय थांबलेलाच नाही. २२ एप्रिल २०२५ ला जी २६ माणसं मारली त्यात महाराष्ट्रातली सहा, आणि त्यातली तिघं इथलीच, त्यामुळे चार माणसं बसली की काश्मीर, एलओसी, पाकिस्तान यावरच बोलणं जातं आणि ते साहजिकही आहे. पण माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात आहे आणि मला दर वेळी वाटतं की आपल्या राज्याला सगळ्यात मोठे जे घाव बसले त्यातले दोन समुद्राकडून बसले, त्याबद्दल मात्र वर्षातून एकदा नोव्हेंबरात मेणबत्त्या लावण्यापलीकडे कोणी बोलत नाही.

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं ते दिघीला आणि शेखाडीला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. २००८ ला दहा जण कराचीहून निघाले, वाटेत आपली 'कुबेर' बोट पकडली, तिच्यावरची माणसं मारली आणि कफ परेडच्या कोळीवाड्यापाशी रबरी होडीतून उतरले, पुढच्या तीन दिवसांत १६६ जीव गेले.

त्यानंतर एवढा खर्च झाला, स्पीड बोटी आल्या, रडार आले, मच्छीमारांना कार्डं दिली, 'सागर कवच' नावाचं ड्रिल होतं त्याच्या बातम्या येतात. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून तीन जण मालकाच्या जाचाला कंटाळून त्याचीच बोट घेऊन निघाले आणि पार गेटवेजवळ येईपर्यंत त्यांना कोणीच अडवलं नाही. ते तामिळनाडूचे मच्छीमार होते, घरी परत यायला निघालेले, त्यांचा कोणाला त्रास द्यायचा हेतू नव्हता. पण तसा हेतू असलेले कोणी असते तर?

मला एवढंच विचारायचंय की उद्या परत तसेच दहा जण निघाले तर आता ते कुठे अडतील? नेव्ही, कोस्ट गार्ड, पोलीस किंवा बोटीचा धंदा असणारं कोणी इथं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. पक्षांची भांडणं नकोत, खरी माहिती हवी.

जुना_गस्तीवाला :

ताई, प्रश्न चांगला आहे. मी आता निवृत्त आहे, नोकरी समुद्रावरच गेली, जे उघड आहे तेवढंच लिहितो.

२००८ च्या आधी मुख्य गोंधळ होता तो कोणतं पाणी कोणाचं याचा. कस्टम्स, पोर्ट ट्रस्ट, मत्स्य विभाग, पोलीस, कोस्ट गार्ड, नेव्ही सगळे होते पण एकाला कळलेलं दुसऱ्याला कळेलच असं नव्हतं. हल्ल्यानंतर २००९ मध्ये ठरलं की समुद्राच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नेव्हीची, किनाऱ्याजवळचं पाणी सागरी पोलिसांचं आणि त्याच्या बाहेर कोस्ट गार्ड. नेव्हीने सागर प्रहरी बल हे किनाऱ्याजवळच्या गस्तीचं दल उभं केलं. किनाऱ्यावर रडारची साखळी बसवली, पहिल्या टप्प्यात देशभरात ४६ ठिकाणी, आणि त्या सगळ्यांचं चित्र एकत्र दिसतं ते गुरुग्रामच्या केंद्रात, ते २०१४ ला सुरू झालं. हे सगळं खरं काम आहे, कागदावरचं नाही, आणि जे म्हणतात काहीच बदललं नाही त्यांनी २००८ च्या आधीची परिस्थिती पाहिलेली नाही.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. २०११ च्या जुलैअखेर 'पवित' नावाचं तेलवाहू जहाज, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, वाहत वाहत जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. अख्खं जहाज! आणि रुतेपर्यंत कोणाला पत्ता नाही. तेव्हा रडारची साखळी पूर्ण व्हायची होती, आज तेवढं मोठं जहाज सुटणार नाही असं मला वाटतं. पण मोठं जहाज हा प्रश्नच नाही. प्रश्न लहान बोटीचा आहे. वीस मीटरपेक्षा मोठ्या मासेमारी बोटीला एआयएस सक्तीचं केलं, म्हणजे ती स्वतःहून आपली ओळख आणि जागा सांगत राहते. 'कुबेर'सारख्या बोटी त्याहून लहान. लाकडी किंवा फायबरची बोट, त्यात लाटा उसळलेल्या, रडारवर तिचा ठिपका धड दिसत नाही आणि दिसला तरी त्या ठिपक्यात कोण बसलंय हे रडार सांगत नाही. हंगामात संध्याकाळी मुंबईसमोर इतक्या बोटी असतात की त्यातली एक चुकीची ओळखायची म्हणजे सहाच्या विरार लोकलमध्ये एक अनोळखी चेहरा शोधण्यासारखं आहे.

आणि हेच त्यांनी २००८ ला वापरलं. कराचीहून निघाले 'अल हुसैनी' नावाच्या त्यांच्या जहाजातून, पण आपल्या पाण्यात शिरले ते पोरबंदरच्या बोटीतून, भारतीय नंबर, भारतीय रंग, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, जिवंत ठेवला मुंबई दिसेपर्यंत आणि मग मारला. दुर्बिणीतून पाहिलं असतं तरी एक साधी आपली बोट घरी चाललीय असंच दिसलं असतं. कुवेतची बोट तर रंगारूपाने वेगळी होती तरी आतपर्यंत आली. ती शेवटी ओळखली ती गस्तीवरच्या पोलिसांनी, डोळ्यांनी पाहून.

म्हणून आता बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवतायत, इस्रोचं तंत्रज्ञान आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख बोटींसाठी ही योजना सुरू झाली, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराचं भूमिपूजन होतं त्यामुळे ही बातमी दबली. आपली प्रत्येक बोट स्वतःची ओळख सांगायला लागली की जी सांगत नाही ती आपोआप उघडी पडते, माझ्या मते २००८ नंतरची ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. पण ते यंत्र चालू ठेवणारा माणूस बोटीवर असतो, ऑफिसात नाही, त्यामुळे बोटवाल्यांनी इथं लिहिलं तर बरं होईल.

तांडेल_रायगड :

साहेबांनी बोलावलंच आहे तर लिहितो. आमची बोट आहे, वडिलांपासूनचा धंदा, बंदराचं नाव टाकत नाय कारण नंतर मलाच त्रास.

पहिलं १९९३ चं बोलतो कारण ताईंनी शेखाडीचं नाव घेतलं. तेव्हा किनारा काय मोकळा नव्हता, कस्टमवाले होते पोलीस होते, सगळी माणसं जागेवर होती, पण त्यातल्या काहींनी पैसे घेतले. ही काय गावगप्पा नाय, कोर्टात सिद्ध झालंय, कस्टमचे अधिकारी आणि पोलीस दोघांनाही शिक्षा झाल्या. सोनं-चांदी उतरते असं समजून डोळे झाकले आणि उतरलं आरडीएक्स. त्यामुळे कोण बोलला की नवीन बोट द्या नवीन रडार द्या म्हणजे झालं, तर मला पटत नाय, त्या रडारसमोर बसलेला माणूस कसा आहे त्यावर सगळं आहे.

आता आजचं. बंदरातून निघताना टोकन लागतं, किती खलाशी कोण कोण त्याची नोंद, सगळ्यांची कार्डं, बोटीचा नंबर राज्याप्रमाणं ठरलेला, रंग ठरलेला. हे सगळं आमी करतो आणि करायलाच पाहिजे, कुबेरवर मेले ते आमच्यासारखेच पोटासाठी समुद्रात गेलेले होते हे आमी विसरलेलो नाय. पण होतं काय की खाडीच्या तोंडावर एकजण कागद बघतो, बाहेर गेलं की दुसरा थांबवतो तेच कागद, परत येताना तिसरा, मासळी बर्फात सडतेय आणि ह्यांचं चेकिंग चालू. एकाने बघितलं ते दुसऱ्याला मोबाईलवर दिसलं पाहिजे ना? खलाशी म्हणाल तर आता आपली पोरं बोटीवर येत नायत, निम्म्या बोटींवर नेपाळची नायतर झारखंड-उत्तर प्रदेशची माणसं आहेत, हंगामाच्या मधेच एकजण गावाला जातो दुसरा येतो, त्याचं कार्ड व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत मालकाने काय करायचं, बोट बांधून ठेवायची? इथंच पळवाट पडते. त्या खलाशांचं कार्ड बंदरावरच दोन दिवसांत होईल अशी सोय करा, मग ज्याच्याकडं नसेल त्याला खुशाल धरा.

दुसरी गोष्ट, आणि ही मी मीटिंगमध्ये साहेब लोकांसमोर पण बोललोय. एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे. बाहेरच्या राज्यातले ट्रॉलर आणि एलईडीवाले रात्री आमच्या पाण्यात येतात, लांबून उजेड दिसतो, लपून नाय येत, आणि आमी फोन करतो तेव्हा उत्तर मिळतं की बोट दुरुस्तीला गेलीय, डिझेल नाय, माणूस नाय. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन आणलेत मत्स्य खात्यानं, त्याने थोडा फरक पडला हे कबूल. पण मला सांगा, दिवे लावून आलेल्याला जर रात्रीतून पकडता येत नसेल तर दिवे विझवून आलेल्याला कसा पकडणार? लोकांना वाटतं मासळीची चोरी वेगळी आणि अतिरेकी वेगळा. समुद्रात तो वेगळा दिसत नाय हो. बोट तीच, रस्ता तोच, वेळ तीच.

आणि तिसरं म्हणजे आमी बघितलं तर सांगायचं कोणाला. २००८ ला कफ परेडच्या कोळी लोकांनी त्या पोरांना उतरताना बघितलेलं, बॅगा मोठ्या, अंगात लाइफ जॅकेट, हटकलं पण होतं की कोण तुम्ही कुठले, उलट उत्तर देऊन ते निघून गेले. म्हणजे पहिली नजर कोळ्याचीच पडली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला जी बोट लागली, आत तीन एके-४७ आणि गोळ्या, ती पण आधी गावातल्या लोकांनीच बघितली. नंतर कळलं की ती परदेशी बाईच्या मालकीची, ओमानजवळ सोडून दिलेली, अतिरेक्यांचा संबंध नाय. पण त्या दिवशी आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर काय धावपळ झाली ते आमी बघितलंय आणि गावकऱ्यांनी वेळेत सांगितलं म्हणून ती झाली.

माझा अनुभव सांगतो, जागेचं नाव नाय घेत. मी एकदा बिननंबरची बोट बघून कळवलं. तर पुढचा सगळा वेळ मलाच प्रश्न. तुम्ही तिथं काय करत होता, कोणाबरोबर होता, जबाब द्यायला या, परत या, साहेब नाहीत उद्या या. धंद्याचे दिवस गेले. त्या बोटीचं पुढं काय झालं ते आजपर्यंत मला कोणी सांगितलं नाय. आता तुम्हीच सांगा, माझ्याजागी दुसरा असेल तर तो परत फोन करेल? मी करेन, कारण मला चीड आहे ह्या गोष्टीची. पण सगळे करतील असं नाय.

आणि एक राहिलं. आमच्या बंदरात कोळी आहेत तसे दालदी मुसलमान पण आहेत, पिढ्यान् पिढ्या बाजूबाजूला बोटी लागतात. २००८ नंतर काही जणांनी त्यांच्याकडं बोट दाखवायला सुरुवात केली. मी सांगतो, खोल पाण्यात सगळ्यात लांब जाणारी ती माणसं, बाहेरचं काय वेगळं दिसलं तर आमच्याआधी त्यांना दिसतं. त्यांना संशयित केलात तर तुमचा अर्धा समुद्र आंधळा होईल. मुंबईत त्या नऊ मेलेल्या अतिरेक्यांना कब्रस्तानात जागा द्यायला मुसलमानांनीच नकार दिला होता, हे पण लोकांनी लक्षात ठेवावं.

राष्ट्र_प्रथम_९९ :

सगळ्यांचं वाचलं, आदर आहे, पण मला वाटतं आपण चुकीच्या टोकाला बघतोय. सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आपल्या एकट्या राज्याचा, देशाचा तर सोडाच, तुम्ही किती ठिकाणी माणूस उभा करणार? त्यांना एकदाच यशस्वी व्हायचं असतं, आपल्याला रोज. १९९३, २००६ च्या ट्रेन, २००८, मग पुलवामा, मग पहलगाम, आपण फक्त मोजत बसलो. मे २०२५ ला पहिल्यांदा मुरिदके आणि बहावलपूरवर थेट मारलं, लष्कर-ए-तोयबा आणि जैश-ए-महंमदची मुख्य घरटीच, ते ऑपरेशन सिंदूर हेच खरं उत्तर. तिकडे भीती बसली पाहिजे, इकडे कार्डं तपासून काही होणार नाही असं माझं स्पष्ट मत.

कोर्टाच्या_पायऱ्या :

@राष्ट्र_प्रथम, तुझा राग मला समजतो आणि मुरिदकेवर मारलं त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही, २६/११ चा कसाब आणि त्याच्या साथीदारांना लष्कर-ए-तोयबानेच तयार केलं होतं. पण तू ते आणि हे असं समोरासमोर ठेवू नकोस रे. २००८ ची जबाबदारी लष्कर-ए-तोयबाची आहे असं आपण जगाला ठासून सांगू शकलो ते कशाच्या जोरावर? एक माणूस जिवंत सापडला म्हणून. तो सापडला नसता तर पाकिस्तान आजही म्हणाला असता की ही तुमचीच माणसं. कसाब पाकिस्तानी आहे हे त्यांना शेवटी मान्य करावं लागलं.

मी फौजदारी कोर्टात काम करतो म्हणून हा भाग जरा लांबवून लिहितो. कसाबला वकील दिला, खटला चालवला, मे २०१० ला शिक्षा, ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. तेव्हा लोक चिडले होते, पण त्यामुळेच त्या निकालाकडे बाहेरच्या देशात कोणी बोट दाखवू शकलं नाही. मग हेडलीने अमेरिकेत २०१० ला गुन्हा कबूल केला, ताज आणि बाकीच्या ठिकाणांची रेकी कशी केली ते सगळं सांगितलं, २०१३ ला ३५ वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याचा साथीदार तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ ला इथं आणला गेला. सतरा वर्षं लागत आली! त्याच काळात पाकिस्तानात हल्ल्याचा एक सूत्रधार लखवी जामिनावर बाहेर होता. तिकडच्या सरकारवर दबाव आला तो पैशाच्या वाटेने, एफएटीएफने, म्हणजे दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१८ ते २०२२ त्यांना ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे देखरेखीच्या यादीत ठेवलं तेव्हा कुठे लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईद वगैरेंना दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या गुन्ह्यात शिक्षा व्हायला लागल्या. कागद आणि पुरावा कंटाळवाणा वाटतो पण तोही मारा आहे.

आणि तू २००६ च्या ट्रेनचं नाव घेतलंस म्हणून हे लिहिणं भाग आहे. ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट, १८० हून जास्त माणसं. २०१५ ला बारा जणांना शिक्षा, पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडलं, कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख पटवण्यात गडबड, सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही असं म्हटलं. सुप्रीम कोर्टाने लगेच सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत आधार म्हणून वापरू नका, पण सुटलेले परत आत गेले नाहीत आणि सरकारचं अपील तिथं आहे. मालेगाव २००६ मध्येही आधी पकडलेली मुसलमान तरुण पोरं वर्षानुवर्षं आत राहून २०१६ ला आरोपमुक्त झाली.

याचा देशाच्या सुरक्षेशी संबंध काय असं विचारशील. संबंध थेट आहे. ज्या दिवशी चुकीचा माणूस आत जातो त्या दिवशी फाइल बंद होते आणि बरोबर माणसाला शोधणं थांबतं. हायकोर्टाचा निकाल बरोबर मानला तर एकोणीस वर्षं खरे मारेकरी मोकळे फिरले, आणि तो चूक मानला तर आपला तपास इतका कच्चा होता की खरे आरोपी हातातून गेले. दोन्हींपैकी कुठलंही असो, ज्या घरातला माणूस त्या संध्याकाळी चर्चगेटहून निघून घरी पोचलाच नाही त्यांना काय सांगायचं? मला ही गोष्ट अस्वस्थ करते आणि याबद्दल जेवढी ओरड व्हायला हवी तेवढी झाली नाही.

२६/११ नंतर महिन्याभरात, ३१ डिसेंबर २००८ ला एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आला, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला. एका राज्यातला धागा दुसऱ्या राज्यात नेऊन जोडणारी यंत्रणा आली हे चांगलंच झालं. पण यूएपीएत जामीन इतका अवघड आहे की खटला दहा वर्षं चालला तरी माणूस आत, आणि तपास यंत्रणेला घाई राहत नाही. माझं म्हणणं एवढंच की कायदा कडक ठेवा पण खटला दोन-तीन वर्षांत संपवा. कसाबचा संपला की नाही?

खाकी_घरातला :

वडील आणि काका दोघं मुंबई पोलिसात होते, त्यातले काका त्या रात्री ड्युटीवर. वरच्या साहेबांनी कसाब जिवंत सापडल्याचं लिहिलं त्यात एक भर घालतो, कारण तो आपोआप सापडला नाही. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, समोर एके-४७ आणि तुकाराम ओंबळेंच्या हातात काठी. त्यांनी बंदुकीची नळी धरली, सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या आणि सोडली नाही म्हणून बाकीच्यांना त्याला दाबता आलं. सातारच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचा माणूस, आधी लष्करात होते. अशोक चक्र मिळालं. मला त्यांचा अभिमान आहेच, पण चिडही येते की त्या रात्री त्यांच्या हातात काठीच का होती.

सीएसटीला ५८ माणसं मेली, तिथल्या पोलिसांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. करकरे, कामटे, साळसकर हे अधिकारी एका गाडीत कामा हॉस्पिटलच्या गल्लीत मारले गेले. एनएसजी हे केंद्राचं कमांडो दल दिल्लीकडून यायचं होतं, सकाळ उजाडली. तोपर्यंत ताजमध्ये आधी आपले पोलीस आणि मग मार्कोस, म्हणजे नेव्हीचे कमांडो. त्यानंतर मुंबईत एनएसजीचा तळ झाला, राज्याने फोर्स वन ही स्वतःची कमांडो तुकडी काढली, हत्यारं बदलली, शहरभर कॅमेरे लागले. ह्या बाबतीत खरंच फरक आहे, आज पहिल्या तासात बंदूकवाला पोचेल.

पण पहिली दहा मिनिटं अजूनही ज्याच्या वाट्याला येतात तो चौकीतला हवालदार आणि स्टेशनवरचा माणूसच. त्या रात्री सीएसटीच्या अनाउन्सर झेंडेंनी काचेमागून बघून लोकांना मागच्या बाजूने बाहेर काढलं, किती जीव वाचले. त्यांना कोणी कमांडो ट्रेनिंग दिलं नव्हतं. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीच्या अहवालात पण वरच्या पातळीवरच्या नेतृत्वाबद्दल आणि ठरलेल्या पद्धतीने काम न झाल्याबद्दल लिहिलंय, म्हणजे कागदावर सगळं ठरलेलं होतं, त्या रात्री ते वापरलं गेलं नाही. म्हणून तांडेल दादांना फोन केल्यावर जे उत्तर मिळालं ते वाचून मला जास्त काळजी वाटली.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती, असं काही कधी झालं तर पोलीस कुठे उभे आहेत, कमांडो कुठून चढतायत त्याचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. २००८ ला टीव्हीवर लाइव्ह चाललेलं बघून कराचीतले लोक फोनवर आत सूचना देत होते, सुप्रीम कोर्टाने निकालात त्यावर कडक शब्दांत लिहिलंय. आता चॅनेलवर बंधन आलं पण प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

राष्ट्र_प्रथम_९९ :

@कोर्टाच्या_पायऱ्या ट्रेनचा मुद्दा मान्य, त्या बाजूने मी विचार केला नव्हता. पण तरी म्हणेन की तिकडची फॅक्टरी चालू राहिली तर इकडे कितीही खटले चालवा माणसं येतच राहतील. दोन्ही हवं हे ठीक, पण प्राधान्य मी मारायलाच देईन.

माहेर_श्रीवर्धन :

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तांडेल दादा, तुमचं वाचून मी माहेरी भावाला फोन केला, तो म्हणाला आमच्याकडेही हेच, लोक बघतात पण सांगायला घाबरतात. मग ते सागर रक्षक दल वगैरे गावागावात केलंय त्याचा उपयोग होत नाही का? आणि तुमच्या मते आत्ता लगेच एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती?

तांडेल_रायगड :

ताई, सागर रक्षक दलात पोरं चांगली आहेत, पण त्यांना काय मिळतं? ओळखपत्र, टीशर्ट, ड्रिलच्या दिवशी नाश्ता. मानधन नाय, रात्री टॉर्च पण स्वतःची. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, समुद्रावर आमचे डोळे नसतात आणि पोलिसांच्या लहान बोटी पण त्या लाटांत जात नायत, त्या दोन महिन्यांत तरी ह्या पोरांना रोजावर किनाऱ्यावर फिरवा. पैसा पण फार लागणार नाय.

आणि एकच गोष्ट बदलायची तर कळवणाऱ्याला परत फोन आला पाहिजे. एवढंच. 'तुम्ही सांगितलेली बोट बघितली, अमुक ठिकाणची होती, कागद बरोबर होते' किंवा 'पकडली'. जबाब घ्यायचा असेल तर बंदरावर येऊन घ्या, आमची बोट निघायच्या आधी. आणि सागरी ठाण्याचा जो साहेब असेल त्याला जरा टिकू द्या, आमची नावं, बोटी, खाड्या, खडक कुठे ते कळेपर्यंत त्याची बदली होते आणि नवीन येतो तो बऱ्याचदा डोंगराकडचा, समुद्र पहिल्यांदा बघतोय. वायरलेसवर त्याचा आवाज आमच्या ओळखीचा झाला ना, तर आमी अर्ध्या रात्री पण कळवू.

राष्ट्र_प्रथम दादाला सांगतो, तिकडे मारलं तेव्हा आमी पण बंदरावर फटाके लावले. पण त्या दिवसांत समुद्रात जाऊ नका असे आदेश आले तेव्हा जाळी आमचीच आवरली गेली, आणि उद्या तिकडून बदला घ्यायला कोण आला तर त्याची पहिली गाठ आमच्याशी पडणार आहे. पालघरकडची माणसं गुजरातच्या बोटींवर जातात, पाकिस्तानवाले पकडून नेतात, २०२१ ला 'जलपरी' बोटीवर गोळीबार केला त्यात आपल्या वडराईचा माणूस गेला. पकडून नेलेल्या आपल्या शेकडो बोटी अजून तिकडं उभ्या आहेत, सगळ्या भारतीय नंबरच्या. त्यातली एक परत आली तर ती कोण ओळखेल? आमीच ओळखू, कारण कुठली बोट कधी गेली ते आमच्या मच्छीमार सोसायटीच्या वहीत आहे. ती वही अजून कोणी मागायला आलेलं नाय.

जुना_गस्तीवाला :

तांडेल, वहीचा मुद्दा फार मोलाचा आहे. तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर पकडलेल्या बोटींची यादी, नंबर, रंग, इंजिन, जुने फोटो असतील तर ते, असं एकत्र करून कोस्ट गार्डच्या जवळच्या स्टेशनला आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच घ्या. दर सहा महिन्यांनी 'सागर कवच' असतं त्याच्या आधीच्या बैठकीत मांडा, तिथं सगळ्या यंत्रणा एका टेबलावर असतात आणि तिथं झालेलं लिहून ठेवलं जातं. मसुदा लागला तर मला मेसेज करा, मी लिहून देतो.

इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : सागरी पोलिसांचा नंबर १०९३, कोस्ट गार्डचा १५५४, दोन्ही फुकट. काही वेगळं दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका. फोनवर आधी जागा सांगा, जवळची ओळखीची खूण, मग वेळ, बोटीचा रंग आणि नंबर दिसत असेल तर नंबर, किती माणसं, कुठल्या दिशेला गेली. फोन घेणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा.

तांडेल_रायगड :

पाठवतो साहेब. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथं यादी करायला घेतो आणि तुम्हाला मेसेज टाकतो.